पाण्यातलं शिसं धरायला हाडाची पूड

पाण्यातलं शिसं काढायला माशांची हाडं वापरतात असं म्हटलं की समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. निम्म्यांना वाटतं हा फॉरवर्डमध्ये आलेला कसलातरी घरगुती उपाय, उरलेल्यांना वाटतं मी थट्टा करतोय. पण हे खरंच आहे, अमेरिकेत आयडाहो राज्यात एका बंद पडलेल्या खाणीपाशी जमिनीखाली माशांच्या हाडांचा एक अख्खा बांध घातला होता आणि खाणीतून पाझरणारं पाणी त्यातून गाळून पुढे जायचं. त्या बांधावर येतोच, पण आधी थोडी केमिस्ट्री सांगू दे, कारण त्याशिवाय हे सगळं जादूसारखं वाटतं, आणि एकदा जादू वाटली की कोणीतरी ती बाटलीत भरून विकायला बसतोच.

शिशाचा सगळा उपद्रव ते कॅल्शियमसारखं वागतं इथून सुरू होतो. दोघांच्या आयनवर दोन धन भार, आकारातही फार अंतर नाही, कॅल्शियमची त्रिज्या साधारण १.०० अँगस्ट्रॉम तर शिशाची १.१९. शरीराला एवढा बारीक फरक कळत नाही. ज्या मुलांच्या पोटात कॅल्शियम आणि लोह कमी जातं त्यांच्यात शिसं जास्त शोषलं जातं ते त्याचमुळे, जागा रिकामी असते आणि हे आत घुसतं. रक्तातलं शिसं महिन्याभरात साधारण निम्मं होतं, पण त्यातलं बरंचसं बाहेर न जाता हाडात जाऊन बसतं. मोठ्या माणसाच्या शरीरात जेवढं शिसं असेल त्यातलं ९० टक्क्यांहून जास्त हाडांत असतं आणि तिथे ते वर्षानुवर्षं, अगदी दशकानुदशकं राहतं. मग गरोदरपणात, किंवा बाळाला पाजत असताना, किंवा म्हातारपणी हाडं झिजायला लागली की तेच जुनं शिसं परत रक्तात उतरतं. १९७९ मध्ये हर्बर्ट नीडलमन या अमेरिकन डॉक्टरने मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून त्यातलं शिसं मोजलं होतं, आणि ज्यांच्या दातात शिसं जास्त त्यांचा बुद्ध्यांक सरासरीने कमी, वर्गात लक्षही कमी, असं त्याला दिसलं. रक्त न घेता दात का घेतले, तर रक्त फक्त अलीकडचं सांगतं, दात लहानपणापासूनचा सगळा हिशोब धरून ठेवतो.

आता दातात आणि हाडात जे खनिज आहे ते म्हणजे हायड्रॉक्सीॲपॅटाइट, पाच कॅल्शियम, तीन फॉस्फेट आणि एक हायड्रॉक्साइड असं त्याचं सूत्र (हाडात त्यात थोडं कार्बोनेट, थोडं सोडियम वगैरे मिसळलेलं असतं, शुद्ध काहीच नसतं). म्हणजे शिसं धरून ठेवायची जी सवय शरीरात आपल्या मुळावर येते तीच शरीराबाहेर, पाण्याच्या वाटेत ठेवली तर कामाला येते. मला या विषयात सगळ्यात जास्त मजा इथेच वाटते. ॲपॅटाइट हे शिशासाठी सापळा आहे हे आपल्या हाडांनी आधीच सिद्ध करून दाखवलंय, आपण फक्त सापळ्याची जागा बदलायची.

लॅबमध्ये हे करायला अगदी सोपं आणि बघायला अगदी कंटाळवाणं आहे. बीकरमध्ये लेड नायट्रेटचं द्रावण, पाण्यासारखं स्वच्छ. त्यात चिमूटभर हायड्रॉक्सीॲपॅटाइटची पांढरी पूड टाकायची, मॅग्नेटिक स्टिरर चालू करायचा, पाणी दुधाळ होतं, पीएच मीटरचा आकडा जरासा वर सरकतो आणि मग स्थिरावतो. बस. रंग बदलत नाही, बुडबुडे नाहीत, काही नाही. पांढरी पूड होती ती पांढरी पूडच राहते. पण ती गाळून, वाळवून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली धरली की कळतं, आधीच्या बारीक ओबडधोबड दाण्यांवर सुयांसारखे लांबट षटकोनी स्फटिक उगवलेले असतात, कुठे एकेकटे, कुठे झुपके. एक्स-रे डिफ्रॅक्शन (स्फटिकाच्या ठेवणीवरून खनिज ओळखायची पद्धत) काढलं की ॲपॅटाइटच्या रेषांशेजारी नव्या रेषा दिसतात. हे नवीन खनिज म्हणजे पायरोमॉर्फाइट. ॲपॅटाइटच्याच घराण्यातलं, ठेवण तीच, फक्त कॅल्शियमच्या जागी शिसं, आणि पाण्यात क्लोराइड असेल तर हायड्रॉक्साइडच्या जागी क्लोराइड.

हे नेमकं घडतं कसं यावर शास्त्रज्ञांमध्ये बरीच वर्षं वाद चालला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये सुझुकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलं की हा आयन एक्सचेंज आहे, स्फटिकातला कॅल्शियम बाहेर पडतो आणि शिसं सरळ त्याच जागी जाऊन बसतं. नंतर १९९३ मध्ये मा, ट्रेना, लोगन आणि रायन यांनी दाखवलं की मुख्य काम वेगळ्या रस्त्याने होतं. आधी ॲपॅटाइट थोडंसं विरघळतं, फॉस्फेट पाण्यात येतं, ते फॉस्फेट शिशाला भेटतं आणि दोघं मिळून पायरोमॉर्फाइट म्हणून खाली बसतात. गंमत अशी की बाहेर पडलेला कॅल्शियम आणि धरलेलं शिसं मोजून हा वाद सुटत नाही, कारण दोन्ही रस्त्यांनी शेवटी हिशोब एकास एकच येतो, म्हणूनच मायक्रोस्कोप आणि एक्स-रे लागले. आज बहुतेक लोक म्हणतील की दोन्ही होतं, आधी शिसं पृष्ठभागावर चिकटतं, मग विरघळणं आणि पुन्हा स्फटिक होणं चालू राहतं, आणि कुठलं जास्त होणार ते पाण्याचा पीएच ठरवतो.

त्या १९९३ च्या पेपरमधले आकडे बघा. लिटरला ५ ते ५०० मिलीग्रॅम शिसं असलेलं पाणी घेतलं, हायड्रॉक्सीॲपॅटाइट टाकलं, आणि शेवटी उरलं ०.१८ ते १९.७ मायक्रोग्रॅम. मिलीग्रॅमचे मायक्रोग्रॅम झाले, म्हणजे हजारोंपट कमी. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे, ज्याला आपण बोलताना १० पीपीबी म्हणतो, आणि ही संघटनाच सांगते की सुरक्षित अशी पातळी मुळात नाही, हा आकडा व्यवहारात जमण्यासारखा म्हणून ठेवलाय. १० पीपीबी किती बारीक हे लक्षात यायला, हजार लिटरच्या टाकीत सगळं मिळून १० मिलीग्रॅम शिसं. डोळ्यांना दिसणार नाही, चवीला कळणार नाही.

एवढी ओढ का, हे विद्राव्यतेच्या आकड्यांत आहे. हायड्रॉक्सीॲपॅटाइटचा विद्राव्यता गुणाकार (हा आकडा जितका लहान तितकं अशा खनिजांतलं ते कमी विरघळतं) साधारण १० चा उणे ५८ वा घात, त्याच्यासारख्याच शिशाच्या हायड्रॉक्सीपायरोमॉर्फाइटचा उणे ७७ च्या आसपास, आणि क्लोरोपायरोमॉर्फाइटचा उणे ८४. नुसते हे आकडे ऐकून लोक भारावतात आणि पुढचा हिशोब करतच नाहीत, तो मला आवडतो म्हणून करून दाखवतो. एका सूत्रात पाच कॅल्शियम आहेत, म्हणजे हा एकोणीस घातांचा फरक पाच अदलाबदलींत वाटला जातो, एकेका अदलाबदलीला येतो फक्त पाच-सहा हजार पट. म्हणजे पाण्यात कॅल्शियम शिशाच्या पाच-सहा हजार पट (वजनाने नाही, रेणूंच्या संख्येने) असेल तिथे येऊन गाडी थांबते. लिटरला ४० मिलीग्रॅम कॅल्शियम म्हणजे काही फार जड पाणी नाही, पण तेवढ्यातही समतोलाला उरणारं शिसं तीस-पस्तीस पीपीबी निघतं, मर्यादेच्या वरच! आता त्याच पाण्यात लिटरला ३५ मिलीग्रॅम क्लोराइड धरा, पीएच ७ धरा, म्हणजे क्लोरोपायरोमॉर्फाइट तयार होणार, आणि हेच गुणोत्तर दहा लाखांच्या घरात जातं, उरलेलं शिसं एका पीपीबीच्याही खाली. हा कागदावरचा ढोबळ हिशोब आहे, खऱ्या पाण्यात कार्बोनेट असतं, सेंद्रिय पदार्थ असतात, पण मुद्दा एवढाच की फॉस्फेटचं श्रेय सगळे घेतात आणि काम निम्मं क्लोराइड करतं. कुठेही नुसतं डिस्टिल्ड वॉटरमधल्या प्रयोगावरून दावा केलेला दिसला की मी आधी क्लोराइड किती होतं ते शोधतो.

पीएचचं म्हणाल तर ५ ते ६ च्या आसपासचं, किंचित आंबट पाणी सगळ्यात सोयीचं. खूप आंबट असेल तर ॲपॅटाइट भराभर विरघळून संपूनच जातं. उलट पीएच ७ च्या वर गेला की ते विरघळायलाच तयार नसतं, फॉस्फेट बाहेर येत नाही, मग शिसं वरवर चिकटतं एवढंच. आणि वरवर चिकटलेलं शिसं आणि पायरोमॉर्फाइट झालेलं शिसं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, कारण पहिलं पाणी बदललं की सुटू शकतं. दोन्ही प्रयोगांत 'रिमूव्हल ९९ टक्के' असंच छापून येतं, वाचणाऱ्याला फरक कळत नाही. याचा मला खरंच राग येतो.

क्षमतेचेही असेच मोठे आकडे फिरत असतात. सूत्रावरून बघितलं तर ५०२ ग्रॅम हायड्रॉक्सीॲपॅटाइट १०३६ ग्रॅम शिसं घेऊ शकतं, म्हणजे ग्रॅमला दोन ग्रॅमपेक्षा थोडं जास्त, ऐकायला अफाट. प्रत्यक्षात दाण्याच्या बाहेरच्या अंगाला पायरोमॉर्फाइटचा थर बसतो आणि आतला ॲपॅटाइट कोंडला जातो, पाण्यात पीठ टाकल्यावर गुठळी बाहेरून ओली आणि आतून कोरडी राहते तसं. म्हणून दाणा जितका बारीक तितकं बरं, पण फार बारीक पूड फिल्टरच्या नळकांड्यात भरली तर त्यातून पाणीच जात नाही. मधला मार्ग काढणं हे सगळं इंजिनीअरचं काम, आणि पेपरात त्याच्यावर एक ओळ असते.

इथे व्हिडिओवाल्यांबद्दल थोडं बोलतोच. एक प्रयोग खूप फिरतो, लेड नायट्रेटच्या पाण्यात पोटॅशियम आयोडाइड टाकलं की झकास पिवळा साका येतो, मग दुसऱ्या ग्लासात आधी हाडाची पूड टाकून गाळतात, आयोडाइड टाकतात, पिवळं येत नाही, टाळ्या. दिसायला छान आहे, शाळेत दाखवायला उत्तम आहे, माझी ना नाही. पण लेड आयोडाइड पाण्यात बऱ्यापैकी विरघळतं, थोडंसं आयोडाइड टाकलं तर लिटरला दहा-वीस मिलीग्रॅम शिसं असूनही पिवळं दिसणार नाही. म्हणजे मर्यादेच्या हजारपट शिसं असलेलं पाणी त्या परीक्षेत पास! १० पीपीबीच्या आसपास विश्वासाने मोजायचं तर धातू मोजायचं साधं फ्लेमवालं एएएस मशीनसुद्धा पुरत नाही, त्याचा ग्राफाइट फर्नेसवाला प्रकार लागतो किंवा आयसीपी-एमएस नावाचं आणखी बारीक मोजणारं मशीन. पाण्याकडे बघून 'स्वच्छ झालं' म्हणणाऱ्या कोणावरही या बाबतीत विश्वास ठेवू नका.

बरं, ॲपॅटाइट आणायचं कुठून? लॅबमधलं शुद्ध हायड्रॉक्सीॲपॅटाइट महाग, ते प्रयोगापुरतं. रॉक फॉस्फेट म्हणजे खतासाठी खाणीतून निघणारा दगड स्वस्त आणि भरपूर, पण त्यात फ्लोराइड धरून बसलेलं घट्ट स्फटिकी ॲपॅटाइट असतं, ते आळशी असतं, हळू विरघळतं, शिवाय त्याच्याबरोबर कॅडमियम आणि युरेनियमसारखे पाहुणेही येऊ शकतात, ते आधी तपासावं लागतं. जाळलेल्या हाडांचा कोळसा म्हणजे बोन चार, तो फ्लोराइड काढायला वापरतात, शिशावरही चालतो. आणि मग माशांची हाडं. ती का चांगली, तर त्यातलं ॲपॅटाइट नीट स्फटिक न झालेलं, कार्बोनेट मिसळलेलं, म्हणजे खनिजाच्या दृष्टीने कच्चं, आणि इथे कच्चं असणं हाच गुण आहे कारण ते पटकन विरघळतं आणि फॉस्फेट सोडतं.

आता तो आयडाहोचा बांध. कर डलेन नावाचा खाणींचा पट्टा आहे तिकडे, शिसं, जस्त, चांदी काढून काढून शंभर वर्षांत नद्यानाल्यांची वाट लागली. त्यातल्या सक्सेस माइन नावाच्या जागी (नाव बघा!) २००१ मध्ये कोन्का आणि राइट या संशोधकांनी 'ॲपॅटाइट टू' नावाने ओळखलं जाणारं माशांच्या हाडांचं मटेरियल भूजलाच्या वाटेत भरलं. कल्पना साधी आहे, पंप नाही, वीज नाही, पाणी आपल्या उताराने येतं आणि हाडांच्या थरातून जातं, याला परमिएबल रिॲक्टिव्ह बॅरिअर म्हणतात. बाहेर पडणाऱ्या पाण्यात शिसं आणि कॅडमियम २ पीपीबीच्या खाली गेलं, जस्तही खूप कमी झालं. यातलं जस्ताचं प्रकरण वेगळंच आहे. माशांच्या हाडांना मांसाचे, चरबीचे अंश चिकटलेले असतात, त्यावर बॅक्टेरिया पोसले जातात, ऑक्सिजन संपवतात, मग सल्फेट खाणारे बॅक्टेरिया येतात आणि सल्फाइड तयार करतात, आणि जस्त त्या सल्फाइडबरोबर खाली बसतं. म्हणजे शिशाला फॉस्फेटने धरलं आणि जस्ताला बॅक्टेरियांनी, एकाच खड्ड्यात. वासाची कल्पना तुम्हीच करा. अशा बांधांचं दुखणंही ठरलेलं, ते हळूहळू तुंबतात, थरातली पोकळी भरत जाते आणि पाणी दुसरी वाट शोधतं, म्हणून नुसती हाडं भरून चालत नाही, मध्ये मोकळी जागा राहील असं काहीतरी मिसळावं लागतं.

याच कर डलेन पट्ट्यात बंकर हिल नावाची प्रसिद्ध खाण आहे, आणि खनिजं जमवणाऱ्या लोकांना ती कशासाठी माहीत असेल तर पायरोमॉर्फाइटच्या सुंदर स्फटिकांसाठी. हिरवे, पिवळे, नारिंगी, षटकोनी कांड्यांचे गुच्छ. शिशाच्या खाणीचा वरचा भाग हवा-पाण्याने कुजत जातो तिथे फॉस्फेट मिळालं की हे आपोआप तयार होतं. म्हणजे माणसाने माशांची हाडं आणून जे करायला घेतलं ते निसर्गाने त्याच डोंगरात आधीच करून ठेवलेलं. पायरोमॉर्फाइट मातीत किती टिकाऊ आहे याला याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. हाच भरवसा धरून पुढे कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात, साउथ प्रेस्कॉट नावाच्या वस्तीत, अंगणांच्या शिसं मुरलेल्या मातीत अलास्काच्या पोलॉक माशांच्या हाडांची पूड मिसळली होती, माती उचलून नेण्यापेक्षा तिथल्या तिथे शिसं बांधून टाकायचं म्हणून.

पण खाण आणि अंगण वेगळं आणि नळ वेगळा. नळाच्या पाण्यात शिसं बहुतेक वेळा नदीतून किंवा धरणातून येत नाही, ते जुन्या शिशाच्या पाइपातून, सांध्यांच्या डाखातून, पितळी तोट्यांतून येतं, म्हणजे प्लांटमध्ये कितीही गाळा, शेवटच्या काही फुटांत ते मिसळतं. तिथे खनिज टाकून भागत नाही, मग उलटं करतात, प्लांटमध्येच पाण्यात थोडं ऑर्थोफॉस्फेट (म्हणजे साधं, सुटं फॉस्फेट) सोडतात, लिटरला एखाद-दोन मिलीग्रॅम, ते पाइपाच्या आतल्या बाजूला शिशाबरोबर न विरघळणारा पातळ थर धरतं. ब्रिटनमध्ये बहुतेक पाणीपुरवठ्यात हे चालतं. वॉशिंग्टन डीसीत २००० च्या शेवटी जंतुनाशक म्हणून क्लोरीनऐवजी क्लोरामाइन सुरू केलं, आणि पाइपात क्लोरीनमुळे टिकून असलेला लेड डायऑक्साइडचा जुना थर विरघळायला लागला, शिशाचे आकडे वर गेले, शेवटी २००४ मध्ये ऑर्थोफॉस्फेट सुरू केल्यावर ते खाली आले. फ्लिंटची गोष्ट तर जगाला माहीत आहे, एप्रिल २०१४ मध्ये मिशिगनमधल्या या शहराने डेट्रॉइटचं पाणी सोडून फ्लिंट नदीचं घेतलं. डेट्रॉइटच्या पाण्यात ऑर्थोफॉस्फेट असायचं, नव्या पाण्यात कोणी घातलंच नाही, वर ते पाणी क्लोराइडमुळे जास्त गंजवणारं, पाइपातला जपलेला थर सुटला आणि शिसं घराघरात गेलं. ऑक्टोबर २०१५ मध्ये परत जुनं पाणी घेतलं आणि डिसेंबरपासून फॉस्फेटचा डोस वाढवला. वर मी क्लोराइडचं कौतुक केलं ते बीकरमधल्या स्फटिकांपुरतं, पाइपात तेच क्लोराइड धातू कुरतडतं, हे जाताजाता सांगून ठेवतो.

आणि थर धरला म्हणजे सगळं मिटलं असंही नाही. न्यू जर्सीतल्या नेवार्कमध्ये शिशाचा त्रास झाला तेव्हा लोकांना नळाला लावायचे फिल्टर वाटले होते, २०१९ मध्ये काही घरांत त्या फिल्टरमधून गाळलेल्या पाण्यातही शिसं सापडलं. नंतर पाण्यातले कण तपासले तेव्हा त्यात लेड फॉस्फेटचे नॅनो आकाराचे कण निघाले, इतके बारीक की फिल्टरच्या छिद्रांतून सहज जातील. म्हणजे शिसं विरघळलेलं नव्हतं, केमिस्ट्रीने आपलं काम केलं होतं, ते न विरघळणारं झालं होतं, फक्त जागेवर बसलं नव्हतं. आणि असा कण पोटात गेला की तिथे वेगळंच ॲसिड त्याची वाट बघत असतं. लॅबमध्ये आपण ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून खाली येतं त्याला 'विरघळलेलं' म्हणतो, ती सोयीसाठी आखलेली रेघ आहे, कण तिच्याहून बारीक असेल तर तो विरघळल्यासारखाच मोजला जातो. त्यामुळे 'फॉस्फेटने शिसं काढलं' हे वाक्य ऐकलं की माझा पहिला प्रश्न, काढून ठेवलं कुठे?

दुसरा प्रश्न, फॉस्फेट कुठलं? कारण पॉलीफॉस्फेट नावाचा एक भाऊ आहे. पाण्यातल्या लोहाचा लाल रंग लपवायला किंवा भांड्यांवर, पाइपात पांढरे थर बसू नयेत म्हणून तो वापरतात. ऑर्थोफॉस्फेट शिशाला खाली बसवतं, पॉलीफॉस्फेट त्याला धरून पाण्यातच तरंगत ठेवतं, म्हणजे शिशाच्या पाइपात ते टाकलं तर पाण्यातलं शिसं वाढूसुद्धा शकतं. पाकिटावर दोन्हीकडे 'फॉस्फेट' एवढंच ठळक लिहिलेलं असेल तर सामान्य माणसाने काय समजायचं!

आर्सेनिकचंही बघून घ्यायला हवं. आर्सेनेट आणि फॉस्फेट एकमेकांसारखे, मातीतल्या लोहाच्या ऑक्साइडवर एकाच जागेसाठी भांडणारे. जिथे शिसं आणि आर्सेनिक दोन्ही आहेत तिथे भरमसाट फॉस्फेट ओतलं तर शिसं बसतं आणि आर्सेनिक सुटून पाण्यात येतं, एक काढता दुसरं अंगावर. विरघळणारं फॉस्फेट ओतण्यापेक्षा हळू विरघळणारं ॲपॅटाइट वापरणं त्यामुळेच सुरक्षित, ते लागेल तेवढंच देतं. आणि जास्तीचं फॉस्फेट तळ्यात-ओढ्यात गेलं की शेवाळ माजतं, त्याला लिटरला काही दशांश मिलीग्रॅमसुद्धा भरपूर होतं, म्हणून जी शहरं नळाच्या पाण्यात फॉस्फेट घालतात त्यांना सांडपाण्याच्या टोकाला तेच परत काढायला पैसे मोजावे लागतात.

राहता राहिला तो प्रश्न जो मला हटकून विचारला जातो, मग घरी पिण्याच्या पाण्यात हाडाची पूड टाकू का? नका टाकू. बागेसाठी मिळणारी बोनमील पिण्याच्या पाण्यासाठी बनवलेली नसते, तिच्यात काय काय आहे माहीत नसतं, आणि जनावराच्या हाडात त्याने आयुष्यभर खाल्लेलं शिसं आधीच असू शकतं, वर सांगितलंच की हाड ते साठवतं. शिवाय पूड गाळली जाईल पण नॅनो कण गाळला जाणार नाही, आणि पाणी न मोजता तुम्हाला काहीच कळणार नाही. उकळून तर अजिबात उपयोग नाही, पाणी आटतं, शिसं तिथेच राहतं, उलट गाढं होतं. शंका असेल तर आधी पाणी चांगल्या लॅबमधून तपासून घ्या, रात्रभर पाइपात थांबलेल्या पाण्याचा पहिला नमुना वेगळा आणि थोडं पाणी सोडून दिल्यानंतरचा वेगळा, कारण पाइपात थांबलेल्या पाण्यातच शिसं जास्त उतरतं आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवले की ते कुठून येतंय याचा अंदाज येतो. पिण्या-स्वयंपाकाला नळाचं गरम पाणी घेऊ नका, ते धातू जास्त विरघळवतं. तोटीच्या टोकाची जाळी अधूनमधून काढून धुवा, तिथे डाखाचे कण अडकून बसतात आणि हे कोणीच करत नाही. फिल्टर घेणार असाल तर शिशासाठी प्रमाणित केलेलाच घ्या किंवा आरओ, आणि त्याचं कार्ट्रिज कंपनीने सांगितलेल्या वेळी बदला, ते चालतंय असं वाटतंय म्हणून पुढे ढकलू नका.